एकत्र गाताना हृदयं जुळतात, ती कशी?

सणाला एकत्र जमून गाणाऱ्यांची हृदयं जुळतात, सगळे एक झाल्यासारखं वाटतं, असं म्हटलं जातं. ते कसं घडतं ते पाहू, पण सुरुवात मेंदूपासून. डिसेंबर उजाडला की एक बातमी हमखास पुन्हा वर येते: ‘नाताळचा आनंद मेंदूत नेमका कुठे असतो, ते शास्त्रज्ञांना सापडलं!’ बातमीचं मूळ खरं आहे. २०१५ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २० जणांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कुठला भाग सक्रिय आहे ते रक्तप्रवाहावरून दाखवणारं यंत्र) झोपवून नाताळची आणि साधी अशी चित्रं आलटून पालटून दाखवली. त्यातले १० जण नाताळ साजरा करणारे होते, १० न करणारे. पहिल्या गटाच्या मेंदूतले काही भाग, त्यातही डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा पॅरायटल भाग, नाताळची चित्रं पाहताना जास्त सक्रिय झाले. निबंध छापून आला तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात. हा अंक म्हणजे डॉक्टर मंडळींची वार्षिक गंमत असते. प्रयोग खरे, आकडे खरे, पण सूर मिश्कील. बातम्या देणाऱ्यांनी तेवढा मिश्कीलपणा गाळला आणि उरलेलं गंभीर चेहऱ्याने छापलं.

त्याआधी २००१ मध्ये अमेरिकी संशोधक अँड्र्यू न्यूबर्ग यांनी ध्यान करणाऱ्या आठ तिबेटी बौद्ध साधकांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला होता. तिथे मेंदूच्या पुढच्या भागातला प्रवाह जितका वाढला, तितका पॅरायटल भागातला घटण्याकडे कल दिसला. त्यावरून ‘मी’ आणि ‘जग’ यांमधली सीमा पुसली जाते ती अशी, हे स्पष्टीकरण लोकप्रिय झालं. म्हणजे एकीकडे पॅरायटल भाग चेतला म्हणून नाताळचा आनंद, दुसरीकडे तोच मंदावला म्हणून जगाशी एकत्व. मेंदूच्या रंगीत चित्रावर बोट ठेवून ‘एकत्व इथे राहतं’ म्हणणाऱ्यांकडे मी म्हणूनच जरा संशयाने पाहतो.

मला भावतो तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्याच २००१ सालच्या नाताळ अंकातला दुसरा निबंध. इटलीतले लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या: कॅथलिक जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन ठेपला. शिवाय रक्तदाबातल्या बदलाला हृदय किती चोख प्रतिसाद देतं, त्याचं माप ९.५ वरून ११.५ वर गेलं (एकक: पाऱ्याच्या दर मिलिमीटरमागे मिलिसेकंद).

मिनिटाला सहाच का? आता थोडं खोलात जाऊ.

शरीर आपला रक्तदाब सतत मोजत असतं. मानेतली कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, ताण ओळखणारे चेतातंतू असतात. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते आणि वर्दी मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला पोचते. तिथून दोन हुकूम सुटतात. एक व्हेगस चेतेतून हृदयाला: हळू हो. तो जवळजवळ पुढच्याच ठोक्याला लागू होतो. दुसरा अनुकंपी चेतासंस्थेमार्फत रक्तवाहिन्यांना: सैल व्हा. हा मात्र रेंगाळतो. वाहिन्यांचे स्नायू सैलावून दाब खरोखर उतरायला काही सेकंद जातात.

उशिरा लागू होणारी दुरुस्ती काय करते ते शॉवरखाली कळतं. पाणी गार लागलं म्हणून नळ फिरवावा, फरक पडत नाही म्हणून आणखी फिरवावा, आणि मग एकदम चटका बसावा. घाबरून उलटा फिरवला की पुन्हा गार. रक्तदाबाचंही तसंच होतं. समजा दुरुस्ती पाच सेकंद उशिरा पोचते. दाब शिखरावर असताना निघालेला ‘कमी करा’ हा हुकूम लागू होतो तेव्हा दाब आधीच उतरून तळाशी आलेला असतो. तो आणखी खाली ढकलला जातो. तळाशी निघालेला ‘वाढवा’ हा हुकूम असाच पुढच्या शिखरावर पोचतो. शिखर ते तळ पाच सेकंद, तळ ते शिखर पाच सेकंद. म्हणजे पूर्ण लाट दहा सेकंदांची. अशा लाटा रक्तदाबात खरोखर दिसतात. झीगमुंड मायर यांनी १८७६ मध्ये त्यांची नोंद केली, म्हणून त्यांना मायर लाटा म्हणतात.

श्वासाचीही स्वतंत्र लाट असते. श्वास घेताना व्हेगसचा लगाम सैल होऊन हृदय किंचित वेगाने धडधडतं, सोडताना मंदावतं. एरवी आपण मिनिटाला १२ ते १६ श्वास घेतो, म्हणजे ही लाट चार-पाच सेकंदांची. दोन्ही लाटा आपापल्या चालीने चालतात. श्वास मिनिटाला सहावर आला की त्याची लाट दहा सेकंदांची होते, मायर लाटेशी तिची गाठ पडते आणि अनुनाद होतो. हृदयाच्या वेगातला चढउतार मोठा आणि नियमित होतो. जपमाळेवरच्या प्रार्थनेचं एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं असतं. सगळं गुपित एवढंच.

‘आमच्याच मंत्रात सामर्थ्य आहे’ असं म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. प्रार्थना लॅटिन असो की मंत्र बौद्ध, अनुनादाला फक्त ओळीची लांबी कळते. दहा सेकंदांचा पाढा संथपणे म्हटला तरी हृदयाच्या या लाटेला तक्रार करायला जागा नाही.

हे झालं एकट्याचं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे ब्यॉर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी १८ वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांचे ठोके मोजले. आधी नुसता एक सूर गुणगुणायचा, श्वास हवा तेव्हा घ्यायचा. मग एक स्तोत्र. शेवटी संथ मंत्र, ज्यात श्वास फक्त ओळ संपल्यावर घ्यायचा. गुणगुणताना हृदयं आपापल्या वाटेने गेली. स्तोत्रात आणि मंत्रात मात्र त्यांचे वेग एकत्र चढू-उतरू लागले. गुणगुणण्याचा तो पहिला भाग मला या प्रयोगाचा जीव वाटतो. खोली तीच, सोबत तीच, आवाजही एकत्रच. तरी श्वासाची जागा ठरलेली नसेल तर हृदयं जुळत नाहीत.

म्हणून ‘हृदयाची ऊर्जा एकमेकांत वाहते’ वगैरे जे पसरवलं जातं, त्याची गरजच उरत नाही. हृदयाचं चुंबकीय क्षेत्र खरं आहे. पण छातीजवळही ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे एक दशलक्षांश भरतं, म्हणजे दहा लाख भागांतला एक. ते टिपायला अतिसंवेदनशील उपकरणं लागतात आणि बाहेरचे चुंबकीय अडथळे कटाक्षाने दूर ठेवावे लागतात. शेजारच्या गायकाला ते जाणवणं शक्य नाही. त्याला जाणवते ती ओळ कुठे संपते ही गोष्ट.

मग हिवाळ्याचा संबंध काय? डिसेंबरच्या २१-२२ तारखेला स्टॉकहोममध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. लोक घरात, प्रार्थनागृहात जमतात आणि गातात. (पृथ्वी तेव्हा सूर्यापासून लांब गेलेली असते, हा समज चुकीचा. थंडी आसाच्या कलामुळे पडते. उलट जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते.) ऑस्ट्रेलियात मात्र हाच सण ऐन उन्हाळ्यात येतो आणि तिथेही लोक एकत्र गातातच. तेव्हा अंधार हे जमण्याचं निमित्त ठरू शकतं, हृदयं जुळायला तो लागत नाही.

हृदयं जुळली म्हणून जीवनाचा अर्थ सापडला, असं अर्थातच नाही. पण एका लयीत एकत्र काही केलं की वागण्यात फरक पडतो, मग ते गाणं नसून नुसतं चालणं असलं तरी. २००९ मध्ये अमेरिकी संशोधक स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी काहींना पावलाशी पाऊल जुळवून चालायला लावलं, काहींना आपापल्या चालीने. नंतर दोन्ही गटांना असा खेळ दिला, ज्यात सहकार्य केलं तर सगळ्यांचा फायदा आणि एकट्यानेच केलं तर त्याचा तोटा. पावलं जुळवलेल्यांनी जास्त सहकार्य केलं. त्यासाठी ते आधी जास्त आनंदी झालेले असण्याची गरज पडली नाही.