बॅटरीचे टक्के मोजतं कोण?

इलेक्ट्रिक गाडीच्या पडद्यावरचे टक्के १८ वरून एकदम ११ वर आले की ‘बॅटरी गेली’ असा निकाल लगेच लागतो. पेट्रोलच्या काट्यासारखं आत कुणीतरी माप घेतंय, हा समज त्यामागे असतो. टाकीत निदान फ्लोट तरंगतो. लिथियम सेलमध्ये किती चार्ज उरला हे थेट दाखवणारा सेन्सरच नाही. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम (बीएमएस) व्होल्टेज, करंट आणि तापमान मोजते. टक्के हे त्यावरून काढलेलं अनुमान.

सोपी रीत जमाखर्चाची: किती अँपिअर किती वेळ आत गेले, किती बाहेर पडले. पण करंटचा सेन्सर सतत ०.१ अँपिअरने चुकत असेल, तर १० तासांत १ अँपिअर-तासाची चूक साठते आणि आपोआप कधीच पुसली जात नाही. दुसरी रीत व्होल्टेजवरून ओळखण्याची. ती विसावलेल्या सेलला ठीक. वेग घेताच अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज खाली बसतं आणि गाडी थांबल्यावरही सावकाश वर येतं.

दोन्ही साक्षीदार कच्चे. त्यांच्यातून खरं काढायची युक्ती, म्हणजे ‘कालमान फिल्टर’, गणितज्ञ-अभियंते रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडली आणि अपोलो यानांच्या दिशादर्शनात ती वापरली गेली. मला हे गणित विलक्षण सुंदर वाटतं. बीएमएसमध्ये सेलची गणिती प्रतिकृती असते: एक व्होल्टेज-स्रोत, एक रोध, रोध-धारित्राच्या (रेझिस्टर-कपॅसिटरच्या) एक-दोन जोड्या. दर क्षणी जमाखर्चावरून नवे टक्के काढायचे, त्यावरून व्होल्टेज किती दिसायला हवं ते वर्तवायचं आणि मोजलेल्या व्होल्टेजशी ताडून पाहायचं. फरक पडला, तर त्याचा काही हिस्साच टक्क्यांच्या दुरुस्तीला वापरायचा. हा हिस्सा म्हणजे ‘कालमान गेन’. आपल्या अंदाजातली अनिश्चितता मोठी आणि मोजमाप भरवशाचं असेल तर तो वाढतो. उलट असेल तर घटतो. शिवाय टक्का बदलल्यावर व्होल्टेज किती बदलतं, त्या आलेखाचा उतारही त्यात येतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट सेलमध्ये हा उतारच दगा देतो. साधारण २० ते ८० टक्क्यांदरम्यान व्होल्टेज ३.२-३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहतं. उतार नगण्य, म्हणून दुरुस्तीही नगण्य. फिल्टर जमाखर्चावरच विसंबतो आणि चूक साठत जाते. अशा गाड्या अधूनमधून १०० टक्के चार्ज करायला सांगतात ते यासाठीच: वरच्या टोकाला आलेख पुन्हा चढतो आणि हिशेब जुळवता येतो. ‘महिन्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणा’ हा सल्ला मात्र निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. लिथियम सेल तळापर्यंत रिकामा केल्याने ताजातवाना होत नाही, झिजतो. तसंच, ‘एआय बीएमएस’ची जाहिरात कितीही करा, सपाट आलेखातून नसलेली माहिती निघत नाही.

आता ते १८ वरून ११. चार्ज २० टक्क्यांच्या खाली उतरला की आलेख पुन्हा कलू लागतो, व्होल्टेज बोलकं होतं, गेन वाढतो आणि दिवसभर साठलेली चूक काही मिनिटांत दुरुस्त होते. एखादा सेल खरोखर कमजोर असेल तरीही आकडा असाच कोसळतो, पण मग तो पूर्ण चार्जनंतरही पुन्हा पुन्हा कोसळत राहतो.