धूर कुणाच्या खात्यावर? उत्सर्जनाच्या हिशेबातील हद्दींचा इतिहास

कोणता धूर कुणाच्या नावावर मांडायचा, हा वाद उत्सर्जन घटवण्याच्या १९९७ च्या क्योटो करारापेक्षा जुना आहे. त्यातली एक मोठी लढत भारतातून लढली गेली. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने हरितगृह वायूंच्या, म्हणजे हवेत उष्णता अडकवणाऱ्या वायूंच्या, उत्सर्जनानुसार देशांची क्रमवारी लावली. तिच्यात भारत, चीन आणि ब्राझील थेट पहिल्या पंक्तीत जाऊन बसले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये या आकडेमोडीची चिरफाड केली. समुद्र आणि जंगले जो वायू शोषून घेतात, त्याचे श्रेय देशांना त्यांच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटले होते. म्हणजे जो जास्त धूर सोडणार, त्यालाच जास्त सूट! हीच वाटणी लोकसंख्येनुसार केली, तर भारताच्या माथ्यावरचा दोष जवळजवळ उरतच नव्हता. शिवाय पोटासाठी केलेल्या भातशेतीतला मिथेन आणि चैनीच्या मोटारींचा धूर एकाच मापाने का मोजायचा, हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच रास्त आहे.

१९९२ च्या हवामान करारानंतर देशांसाठी भौगोलिक हद्द रूढ झाली. देशाच्या भूमीवर आणि अधिकारातल्या समुद्रात जे निघेल, ते त्या देशाचे. आंतरराष्ट्रीय जहाजांना आणि विमानांना भरलेले इंधन मात्र या बेरजेबाहेर, वेगळ्या नोंदीत राहिले. न्हावा-शेवाला परदेशी निघालेल्या जहाजात भरलेले तेलही भारताच्या एकूण आकड्यात येत नाही.

भूगोलाची ही रेघ किती फसवी ठरू शकते, ते डेन्मार्कने अनुभवले. १९९० मध्ये त्या देशाने नॉर्वे-स्वीडनकडून भरपूर जलविद्युत घेतली, त्यामुळे त्याचे स्वतःचे उत्सर्जन कमी दिसले. नेमके तेच वर्ष क्योटोच्या उद्दिष्टांसाठी पायाभूत धरले गेले. १९९६ मध्ये शेजारी पाऊस कमी झाला, तेव्हा डेन्मार्कने कोळसा जाळून त्यांना वीज विकली आणि त्याचा आकडा एकदम फुगला. दिवे शेजाऱ्यांचे लागले, धूर डेन्मार्कच्या नावावर चढला. उत्सर्जन उत्पादकाचे मानायचे की ग्राहकाचे, या चर्चेला त्यातून धार आली.

कंपन्यांचा गुंता वेगळा होता, कारण कंपनीला नकाशा नसतो. एखाद्या प्रकल्पात कंपनीचा वाटा ४० टक्के असेल, पण कारभार भागीदाराच्या हाती असेल, तर हिशेबात काय धरायचे? १९९८ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनेच उद्योगसमूहांच्या एका जागतिक परिषदेसह जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायू मोजण्याच्या नियमावलीचे काम सुरू केले आणि २००१ मध्ये कंपन्यांसाठी मानक आणले. मालकीच्या हिश्श्यानुसार मोजा किंवा नियंत्रणानुसार, अशी मुभा त्यात आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या पद्धतीने ४० टक्के उत्सर्जन कंपनीकडे येते आणि कारभारावरच्या नियंत्रणाच्या पद्धतीने शून्य. कायद्याच्या चौकटीत राहून इतका फरक पडतो, म्हणून अहवाल वाचताना एकूण आकड्याच्या आधी ही निवड पाहावी.

याच मानकाने उत्सर्जनाचे तीन गट, म्हणजे तीन स्कोप, रूढ केले. साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. कारखान्याच्या स्वतःच्या गाड्यांत जळलेले डिझेल स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २ आणि ठेकेदारांच्या ट्रकांनी केलेली ऊस वाहतूक स्कोप ३. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड तर स्कोपबाहेर, वेगळा दाखवतात. उद्या कारखान्याने स्वतःच्या गाड्या विकून तीच वाहतूक ठेक्याने दिली, तर स्कोप १ घटतो आणि हवेत जाणारा धूर तेवढाच राहतो. स्कोप ३ साठी १५ प्रवर्गांचे स्वतंत्र मानक यायला २०११ उजाडले.

शहरांसाठीची जागतिक पद्धत २०१४ मध्ये आली. मुंबईच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात शहराचे २०१९ मधले उत्सर्जन सुमारे २.३ कोटी टन दिले आहे आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा ऊर्जेचा आहे. या पद्धतीनुसार ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राचे उत्सर्जन शहरात नोंदवायचे, पण एकूण बेरजेत धरायचे नाही, कारण विजेचा हिशेब वापराच्या बाजूने होतो. नाहीतर तोच धूर दोनदा मोजला जाईल. डहाणूच्या केंद्रातून उपनगरांना मिळणारी वीजही या वापरातच येते. केंद्र शहराच्या हद्दीबाहेर आहे म्हणून मुंबईला हात झटकता येत नाहीत, हे मला या पद्धतीचे मोठे बळ वाटते.

भारतात शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२१ मध्ये आणलेल्या शाश्वतता अहवालाच्या चौकटीत स्कोप १ आणि २ आवश्यक निर्देशकांत ठेवले आणि स्कोप ३ ऐच्छिक. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून हा अहवाल बंधनकारक झाला. छोट्या पुरवठादारांकडे मोजणीची साधने नाहीत, ही अडचण खरी आहे. पण ज्या कंपन्यांनी उत्पादनच बाहेर सोपवले आहे, त्यांच्यासाठी तरी स्कोप ३ ऐच्छिक राहू नये.