पायाचा अंगठा आणि जन्मतारीख

"आमचा डावखुरा निघणार," आठ महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन आजी कौतुकाने सांगत असते. खुळखुळा समोर धरला की पोर डाव्या हाताने तो हिसकावतं. मुद्दाम उजवीकडे धरला तरी डावा हातच आडवा येतो. उजवी मूठ मिटलेली, अंगठा बोटांच्या आत दडलेला. आजी हसत असते आणि समोरचा डॉक्टर गप्प झालेला असतो. आठव्या महिन्यात कुणी डावखुरं नसतं की उजवं नसतं. साधारण वर्षाचं होईपर्यंत मूल जो हात जवळ असेल तो वापरतं. त्याआधीच एक हात सारखा पुढे येऊ लागला, तर दुसऱ्यात जोर कमी आहे का हे बघावं लागतं. पुष्कळदा जन्माच्या आगेमागे मेंदूच्या एका बाजूला झालेल्या इजेची ही पहिली खूण असते. चार वर्षांची मुलगी डाव्या हाताने भिंतीवर रेघोट्या मारत असती, तर तपासण्यासारखं काहीच नव्हतं. भिंत पुसावी लागली असती, एवढंच.

मज्जासंस्थेच्या तपासणीत हे पावलोपावली होतं. एकच खूण एका वयात निरोगीपणाची असते आणि दुसऱ्या वयात आजाराची. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पायाचा अंगठा.

22 फेब्रुवारी 1896 रोजी पॅरिसमध्ये जोसेफ बाबिन्स्की यांनी एक टिपण वाचलं. जेमतेम 28 ओळींचं. तळव्यावर बाहेरच्या कडेने बोथट टोकाची रेघ ओढली, तर निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो, पण मेंदूपासून मज्जारज्जूकडे येणाऱ्या मार्गाला इजा असेल तर तो वर उचलला जातो. बाबिन्स्की हे पॅरिसचे नामवंत मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांचे शिष्य. तेव्हाच्या पॅरिसमध्ये हिस्टेरियाच्या निदानाचा सुकाळ होता. खरा लकवा कुठला आणि मनाच्या घालमेलीतून आलेला कुठला, हे ओळखणं अवघड जायचं. अंगठ्याला सोंग करता येत नाही, म्हणून या 28 ओळींना इतकी किंमत आली. आजही ओपीडीत कुणी डॉक्टरी रबरी हातोडीच्या दांड्याच्या टोकाने, कुणी किल्लीने, टाचेपासून करंगळीच्या दिशेने ती रेघ ओढतंच.

हीच रेघ सहा महिन्यांच्या बाळाच्या तळव्यावर ओढा. अंगठा बहुतेक वेळा वर जाईल, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढायला वेळ लागतो. विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असतं तसं हे वेष्टण. ते पुरतं चढेपर्यंत मज्जारज्जू आपल्याच मनाने वागतो: तळव्याला काही टोचलं की पाय मागे घे, अंगठा वर कर. मेंदूचा अंमल पायापर्यंत पोचला की अंगठा खाली वळू लागतो. हे एक ते दोन वर्षांच्या दरम्यान घडतं, म्हणजे मूल चालायला लागतं त्याच सुमारास. बाळाची ही तपासणी दिसते तितकी सोपी नाही. रेघ ओढताना बोटांच्या बुडाशी जरा जास्त दाब पडला, तर बाळ पायाच्या बोटांनी दांडाच धरू बघतं, अंगठा खाली जातो आणि नवशिका डॉक्टर चुकीची नोंद करून मोकळा होतो.

तपासताना बाळाचं नाक आणि बेंबी एका रेषेत हवी, हेही नवशिक्याला फार उशिरा कळतं. मान एका बाजूला वळलेली असली की त्या बाजूचे हातपाय ताठ होतात आणि दुसऱ्या बाजूचे वाकतात. तलवारबाजाचा पवित्राच तो. पहिले काही महिने हे स्वाभाविक असतं. पण मान तशीच ठेवून तपासलं तर एक बाजू कडक आणि एक सैल लागते, आणि नसलेला आजार सापडतो. पोट भरलेलं बाळ झोपाळू आणि सैल असतं, भुकेलं बाळ रडून ताठ. म्हणून दोन दुधांच्या मधली वेळ गाठायची.

घरात पातेलं पडलं की तान्हं बाळ दोन्ही हात फेकतं आणि मग कुणाला तरी मिठी मारावी तसे जवळ घेतं. या दचकण्याचं वर्णन हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी 1918 मध्ये केलं. ते बाळाच्या उशीवर दोन्ही बाजूंनी हात आपटत. आता बाळाचं डोकं तळहातावर धरून किंचित खाली सोडतात. एकच हात उचलला गेला, तर बाळंतपणात दुसऱ्या खांद्याच्या नसा ताणल्या गेल्या असतील किंवा गळ्याजवळचं हाड मोडलं असेल. आणि सहा महिने उलटून गेल्यावरही बाळ असंच हात फेकत असेल, तर मेंदूकडे लक्ष द्यायला हवं.

नवजात बाळाला काखेत धरून पाय जमिनीला टेकवले की ते पावलं टाकतं. दोनेक महिन्यांत हे बंद होतं. मेंदू पिकला, त्याने ही क्रिया दाबली, असं वर्षानुवर्षं शिकवलं जायचं. 1984 साली अमेरिकेत एस्थर थेलन आणि सहकाऱ्यांनी अशा बाळांना कोमट पाण्यात धडापर्यंत धरलं, तर पावलं परत आली! पायांवर चरबी भराभर चढते, स्नायूंची ताकद मागे पडते. पाण्याने तो भार उचलला. शरीरशास्त्रातला हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग. प्रत्येक गोष्टीचं बिल मेंदूच्या नावावर फाडू नये, हे त्यातून चांगलं कळतं.

मूल नऊ महिन्यांऐवजी सातव्याच महिन्यात जन्मलं, तर जन्मतारीखच दिशाभूल करते. गर्भातले 28 आठवडेच भरून जन्मलेलं बाळ हातपाय पसरून सैल पडलेलं असतं, आणि ते त्या वयाला शोभणारंच आहे. पूर्ण दिवसांचं बाळ तसं दिसलं तर मात्र धावपळ होते. म्हणून अशा बाळाने मान कधी धरली, पालथं कधी पडलं हे मोजताना, लवकर आलेले आठवडे दोन वर्षांपर्यंत वजा करतात. (म्हाताऱ्यांच्या बाबतीत घोळ वेगळा. आपल्याकडच्या कित्येक आजोबांची जन्मतारीख 1 जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती घातलेली.)

दीड-दोन वर्षांचं मूल हे माझ्या मते सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. हातोडी दिसली की भोकाड. त्याला आईच्या मांडीवरून उतरवायचंच नाही. चेंडू घरंगळत सोडायचा आणि ते कसं धावतं, कसं वाकतं, चेंडू कुठल्या हाताने उचलतं ते बघत बसायचं. अर्धीअधिक तपासणी हात न लावता होते. डोळ्यांत बॅटरी मारणं आणि डोक्याचा घेर मोजणं अगदी शेवटी. अशा तपासणीसाठी प्रत्येक मूल तज्ज्ञापर्यंत पोचत नाही, म्हणून अंगणवाडीत वर्षातून दोनदा पथक पाठवणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम महत्त्वाचा. तो फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला.

मूल चार वर्षांचं झालं की आपल्याकडे तयार परीक्षा आहे: लंगडी. तिसऱ्या वर्षी मूल एका पायावर क्षणभर उभं राहतं, चौथ्या वर्षाच्या आसपास उड्या मारू लागतं. एका पायावर छान आणि दुसऱ्यावर कोलमडतं का, हे लंगडीत जितकं दिसतं तितकं पलंगावर झोपवून दिसत नाही. आणखी एक गोष्ट जमिनीवर बसणाऱ्या घरांत लवकर लक्षात येते. पाच वर्षांचा मुलगा मांडी मोडून उठताना आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी 1879 मध्ये याचं वर्णन केलं. कंबरेचे आणि मांड्यांचे स्नायू दुबळे पडल्याची ही खूण, आणि अशा मुलाच्या पोटऱ्या उलट भरदार दिसतात. "पोरगं पैलवान होणार" असं म्हणत घरच्यांनी वर्ष घालवलेलं असतं.

पंचविशी-तिशीतल्या माणसाची तपासणी पुस्तकातल्यासारखी होते, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गुडघ्यावर हातोडी मारली आणि पाय हलला नाही, तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगायचं. लक्ष तिकडे गेलं की पाय उडतो.

सत्तरी ओलांडली की पुन्हा हिशेब बदलतो. बाहुल्या बारीक होतात. मान न हलवता डोळे वर नेणं जड जातं. 128 हर्ट्झचा नादकाटा पायाच्या अंगठ्यावर टेकवला तर थरथर जाणवत नाही. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तर पाऊल हलत नाही. दोन्ही पायांना हे सारखं असेल तर बरेचदा वयाच्या खाती टाकता येतं. एकाच पायाला असेल तर कंबरेत नस दबली आहे का ते शोधायचं. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो म्हणणाऱ्याला डोळे मिटून उभं करून बघायचं आणि रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व तपासायचं, विशेषतः तो कट्टर शाकाहारी असेल तर. अंगठा मात्र म्हातारपणाची सवलत घेत नाही. तो नव्वदीतही वर गेला तर काहीतरी बिघडलेलं आहे.

मेंदूचा पुढचा भाग झिजला की तान्हेपणी दडपल्या गेलेल्या क्रिया परत डोकं वर काढतात. वृद्धाच्या तळहातावरून बोट फिरवलं की मूठ मिटते. "सोडा" म्हटलं तरी बोट सुटत नाही. त्यांच्या मुलाला वाटतं, बाबा हट्टाने धरून बसलेत.

स्मरणशक्ती तपासताना तर वयाइतकंच शिक्षण आडवं येतं. 1975 साली अमेरिकेत तयार झालेली 30 गुणांची प्रसिद्ध चाचणी तारीख विचारते, शंभरातून सात-सात वजा करायला लावते, एक वाक्य लिहून घेते. कधीच शाळेत न गेलेली बाई यात नापास होणारच. म्हणून हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी हीच चाचणी हिंदीत नव्याने बसवली गेली: वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा, आणि कागदावरची सूचना वाचण्याऐवजी मी करतो तसं करून दाखवा.

ओपीडीत एका आजींना मी तारीख विचारली. "तारखेचं मला काय ठाऊक!" शेजारी सुनेने मान खाली घातली. मी शून्य लिहिणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, "पण आज संकष्टी. चंद्र नऊ बाराला." भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहिलं. नऊ बाराच होते.