टूथपेस्टच्या खालचा रंगीत पट्टा काय सांगतो?

टूथपेस्टच्या ट्यूबखाली हिरवा पट्टा म्हणजे नैसर्गिक, निळा म्हणजे नैसर्गिक अधिक औषध आणि काळा म्हणजे निव्वळ केमिकल, हा फॉरवर्ड किती वर्षं फिरतोय! मीही कधीतरी ट्यूब उलटी करून बघितलीये, त्यामुळे विश्वास बसला तर नवल नाही.

खरं म्हणजे ती मशीनसाठीची खूण आहे. पॅकिंग करताना सेन्सर तो पट्टा बघतो, म्हणजे कुठे कापायचं, ट्यूब कुठल्या बाजूने दुमडायची ते कळतं. बॅकग्राउंडपेक्षा वेगळा दिसेल असा कुठलाही रंग चालतो, म्हणून लाल, तपकिरीही सापडतात.

मुलांना हे शिकवायचं तर घरातली बिस्किटांची, वेफर्सची रिकामी पाकिटं गोळा करायला सांगा, कडेला तसलेच चौकोन दिसतील, आता बिस्किटात कसलं औषध? मग खोक्यावरची घटकांची यादी वाचायला लावा, माहिती तिथे असते. आणि ट्यूब हातात आहेच तर १०० ग्रॅमचा भावही काढू द्या, १५० ग्रॅम ९० रुपयांना आणि ८० ग्रॅम ४४ ला असेल तर मोठी ६० ने पडते, छोटी ५५ ने.