साखळ्यांचा खो-खो

थिओफिलिन आणि कॅफिन यांच्या रचना शेजारी-शेजारी काढल्या तर फरक सापडायला दोनदा पाहावं लागतं. पहिलं दम्यावरचं जुनं औषध, दुसरं आपल्या चहा-कॉफीतलं. थिओफिलिनमध्ये एका जागी हायड्रोजन असतो, कॅफिनमध्ये तिथेच मिथिल गट. बस, एवढाच फरक. तरीही १९९३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या क्लाउस मोसबाख यांच्या गटाने असं पॉलिमर (छोट्या रेणूंच्या लांब साखळ्यांचा पदार्थ) वापरून दाखवलं, जे थिओफिलिनला धरून ठेवतं आणि कॅफिनला फारशी दाद देत नाही. एरवी हे काम अँटिबॉडीचं, म्हणजे नेमका रेणू ओळखणाऱ्या शरीरातल्या प्रथिनांचं. इथे ते पॉलिमरमध्ये त्या रेणूचा ठसा घेऊन साधतं.

कृती ऐकायला सोपी आहे. क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात साचा म्हणून थिओफिलिन आणि मोनोमर (पॉलिमरच्या साखळीचा एकेक मणी) म्हणून मेथॅक्रिलिक आम्ल एकत्र करायचं; आम्लाचे रेणू हायड्रोजन बंधांनी औषधाच्या रेणूभोवती गोळा होतात. मग साखळ्यांना आडवे दुवे जोडणारं दुसरं मोनोमर भरपूर ओतायचं आणि रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेले, चटकन जोडले जाणारे कण) निर्माण करणारं रसायन टाकून मिश्रण तापवायचं. कडक ढेप तयार होते. ती कुटून, चाळून, मिथेनॉल व ॲसेटिक आम्लाने धुतली की थिओफिलिन निघून जातं आणि त्याच्या मापाच्या पोकळ्या उरतात.

निदान तशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात काही पोकळ्या नेमक्या बसतात, बऱ्याचशा ढगळ असतात. काही तर इतक्या आत गाडल्या जातात की साचा म्हणून घातलेला रेणू तिथून निघतच नाही, आणि पुढे ऐन मोजणीच्या वेळी झिरपायला लागतो. अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्याला याहून मोठी डोकेदुखी नाही.

माझ्या मते यात साच्यापेक्षा घाईचा दोष जास्त. साध्या रॅडिकल बहुलीकरणात, म्हणजे रॅडिकलच्या जोरावर मोनोमर जोडत जाण्यात, साखळी सुरू होते, सेकंदाभरात शेकडो-हजारो मोनोमर ओढून घेते आणि दुसऱ्या रॅडिकलशी गाठ पडताच संपते. भोवती सगळं पातळ असतानाच सुरुवातीच्या साखळ्यांच्या स्वतःतच गुंतलेल्या घट्ट गाठी होतात. पुढचं जाळं या गाठींभोवती जसं जमेल तसं विणलं जातं, कुठे दाट, कुठे विरळ.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेने १९९८ मध्ये जाहीर केलेली ‘राफ्ट’ पद्धत या घाईला लगाम घालते. तिचं काम खो-खोसारखं चालतं. बहुतेक साखळ्या टोकाला गंधकाचा गट घेऊन बसलेल्या असतात. मोजक्याच धावतात, चार-दोन मोनोमर जोडतात, बसलेल्या एखादीला खो देतात आणि तिचा गंधकाचा गट घेऊन स्वतः बसतात. त्यामुळे सगळ्या साखळ्या जवळपास बरोबरीने वाढतात. मिश्रण घट्ट व्हायला वेळ लागतो, जाळं अधिक एकसारखं होतं आणि साच्याच्या रेणूला आपल्या सोबत्यांसह स्थिरावायला उसंत मिळते.

साखळ्यांच्या वाढीला असाच लगाम घालणारी, १९९५ मध्ये पुढे आलेली ‘एटीआरपी’ पद्धतही नामी आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले क्रिश्तोफ मात्याशेव्स्की यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. पण तिचा उत्प्रेरक सहसा तांब्याचा असतो, आणि मेथॅक्रिलिक आम्लाशी त्याचं जमत नाही. ठसा घेण्यासाठी सर्वाधिक वापरलं जाणारं मोनोमर नेमकं तेच! म्हणून या क्षेत्रात राफ्टकडे अनेकांचा कल असतो. तिची उणीव म्हणजे काही गंधकी संयुगांचा वास आणि मालाला येणारी गुलाबी-लाल झाक.

नियंत्रण आलं म्हणून सगळं साधतं असं मात्र नाही. साचा आणि मोनोमर यांचे हायड्रोजन बंध मुळातच कच्चे. पाणी आलं की ते ढिले पडतात. साखळ्या कितीही शिस्तीत वाढवल्या तरी हा कच्चेपणा जात नाही, आणि तपासायचे नमुने तर बहुधा दूध, रक्तद्रव असे पाणीदारच असतात. इथे राफ्टचा वेगळाच फायदा होतो. बसलेल्या साखळ्या मेलेल्या नसतात, त्यामुळे तयार कणांच्या पृष्ठभागावर त्यांच्यापासूनच पाणी मानवणाऱ्या साखळ्यांची लव वाढवता येते. ही लव दुधातली प्रथिनं बाहेर थोपवते आणि छोट्या रेणूंना पोकळीपर्यंत जाऊ देते.