लाल डाग म्हणजे पाऊसच का?

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरायला लागतं. अरबी समुद्रावर लालभडक डाग आणि खाली 'मुंबईकरांनो, सावधान!'. चित्र बहुधा खरं असतं, वाचण्यात गफलत होते. तो लाल रंग पावसाचा नाही, ढगाच्या माथ्याच्या तापमानाचा आहे; लाल म्हणजे अतिशय थंड.

इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे आपले उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून सतत आपल्याच बाजूला बघत असतात. रात्री साधा फोटो निघत नाही, म्हणून ढगांतून येणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण मोजतात. वर जावं तशी हवा गार होते, त्यामुळे माथा जितका थंड तितका ढग उंच. उणे ७० अंशांच्या खालचा माथा दिसला की खाली हवेची जोरदार उसळी चालू असण्याची शक्यता मोठी. पण असा माथा वरच्या वाऱ्यांनी दूरवर पसरतो आणि पसरलेल्या भागाखाली कित्येकदा थेंबही पडत नाही.

चक्रीवादळात मात्र हीच नजर मोलाची. भर समुद्रात, वादळाच्या पोटात वेगमापक कोण नेणार? अमेरिकी शास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात यावर तोड काढली. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती वळलेत, डोळा (वादळाचा मधला शांत भाग) किती उबदार, भोवतालचे ढग किती थंड, यावरून वाऱ्याचा अंदाज बांधायचा. ही पद्धत आजही वापरात आहे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातला गेलं. मच्छीमारांना माघारी फिरण्याचे इशारे त्याच्या कितीतरी आधीच मिळाले होते.

शहरातल्या पावसाचं गणित वेगळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. दोहोंत अंतर साधारण २२ किलोमीटर. इन्सॅटच्या अवरक्त चित्राचा एकेक ठिपका निदान चार किलोमीटरचा, म्हणजे सगळा फरक पाच-सहा ठिपक्यांत! इथे रडारच हवं, कारण त्याच्या लहरी थेट थेंबांवरून परततात. मुंबईत ती कुलाब्याला आणि वेरावलीला आहेत.

तेव्हा लाल डाग आला की हवामान विभागाच्या संकेतस्थळावर रडारचं ताजं चित्रही उघडा. आणि वेळ तपासा: ती यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवायचे.