दचकण्यावरचा उतारा

साधारण 800 वर्षांपूर्वीची, उत्तर चीनमधली गोष्ट. प्रवासाला निघालेली एक बाई रात्री सराईच्या माडीवर झोपली होती. दरोडेखोर आले, लूटमार झाली, घरं पेटली आणि भीतीनं ती पलंगावरून खाली कोसळली. तेव्हापासून कुठे खुट्ट झालं तरी ती दचकून बेशुद्ध पडायची. घरची माणसं चवड्यांवर चालायला लागली. वैद्यांनी हृदयाचा विकार ठरवून जिनसेंग दिलं, मोती दिले. वर्ष उलटलं तरी गुण नाही.

मग झांग त्सोंगझेंग (1156-1228) या वैद्याला बोलावलं. त्यानं तिला उंच खुर्चीवर बसवलं, दोन दासींना तिचे हात धरायला सांगितले आणि समोर एक बुटकं मेज ठेवलं. ‘बाई, इकडे बघा,’ म्हणत त्यानं मेजावर काठी हाणली. ती केवढ्यांदा तरी दचकली. ‘मी काठीनं मेजावर मारतोय, त्यात दचकायचं काय?’ ती जरा सावरली की पुन्हा काठी. मग दारावर. मग तिच्या पाठीमागच्या खिडकीवर कुणाला तरी गुपचूप खरवडायला लावलं. शेवटी तिला हसू आलं, ‘हा कुठला उपचार?’ त्या रात्री उजाडेपर्यंत तिच्या दाराखिडक्यांवर ठोकणं चालू होतं. एकदोन दिवसांत ढग गडगडले तरी ती दचकेना.

आजचा मानसोपचारतज्ज्ञ हे वाचून मान डोलावेल. ज्याची भीती वाटते ते सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा समोर आणायचं, ही पद्धत आज सर्रास वापरतात. तिचाच एक प्रकार, शरीर सैल सोडत भीतीला पायरीपायरीनं सामोरं जाण्याचा, जोसेफ वोल्पे यांनी 1958 साली पुस्तकातून सविस्तर मांडला.

झांगच्या स्पष्टीकरणाचा एक भाग मात्र निराळा होता. दचकल्यावर माणसाचं चैतन्य वर उसळतं. मेज बुटकं असलं की नजर खाली जाते आणि चैतन्यही खाली येतं! यामागे ‘हुआंगदी नेइजिंग’ हा 2000 वर्षांहून जुना ग्रंथ आहे. त्यात म्हटलंय की रागानं ‘ची’, म्हणजे शरीरातली प्राणशक्ती, वर चढते, भीतीनं खाली उतरते, दुःखानं विरते, दचकल्यानं सैरभैर होते आणि अति विचारानं तिची गाठ बसते. राग यकृताला बाधतो, अति आनंद हृदयाला, विचार प्लीहेला, शोक फुप्फुसांना, भीती मूत्रपिंडांना.

ही ‘ची’ कुठल्याही उपकरणाला सापडलेली नाही. चिनी वैद्यकातली प्लीहा अन्न पचवते, आपली खरी प्लीहा रक्त गाळते. नाव एक, काम वेगळं. भावनांची अशी अवयववार वाटणीही शरीरशास्त्रात बसत नाही. पण मुळातलं निरीक्षण पोकळ नव्हतं. काळजी करकरून भूक मरते, पोट बिघडते, कारण मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंची आणि संप्रेरकांची सतत देवाणघेवाण चालू असते. जबर मानसिक धक्क्यानं हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून दुबळा होतो, हा ‘ताकोत्सुबो’ विकार जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये वर्णन केला. आपलंही पित्त खवळतं, काळजाचं पाणी होतं, पोटात गोळा येतोच की. चिनी भाषेत रागावण्याला ‘शंग ची’ म्हणतात. शब्दशः, ची उत्पन्न होणं.

1980 मध्ये आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी चीनमधल्या चांगशा शहरात ‘मज्जादौर्बल्य’ असं निदान झालेले 100 रुग्ण तपासले. डोकं दुखतं, झोप नाही, चक्कर येते, अशा त्यांच्या तक्रारी. त्यांपैकी 87 जण अमेरिकी निकषांनुसार तीव्र नैराश्याचे रुग्ण ठरले. मन खचलंय हे ते शरीराच्या भाषेत सांगत होते, आणि तसं सांगण्यात कमीपणाही नव्हता.

झांगची दुसरी गोष्ट मला जरा खटकते. अति विचारानं एका श्रीमंत बाईची झोप दोन वर्षं उडाली होती. राग विचारावर मात करतो, या सूत्रानुसार तिच्या नवऱ्याशी संगनमत करून झांगनं भरपूर पैसे घेतले, काही दिवस दारू ढोसली आणि औषधाची एक चिठ्ठीही न देता तो निघून गेला. बाई संतापली, घामाघूम झाली आणि त्याच रात्री तिला गाढ झोप लागली. पण नोंद एका रुग्णाची, तीही वैद्याच्या बाजूची. असाच संताप येऊन ज्यांची उरलीसुरली झोपही उडाली, त्यांची गोष्ट कुठला वैद्य लिहून ठेवणार?